श्लेषाचें भाषांतर : पॅरिसचें आणि मालवणचें

गेल्या वैशाखांत आम्ही मालवणास आमच्या एका आप्तांच्या घरीं चार दिवस राहावयास गेलों होतों. घर जुनें व एकत्र कुटुंबाचें. पुढें सारवलेलें खळें, मागें माडांची बाग. सिंधुदुर्ग जिल्हा १९९७ सालीं पर्यटन-जिल्हा म्हणून जाहीर झाल्यापासून किनाऱ्यावरील पुष्कळ घरांनीं न्याहारी-निवासाचा व्यवसाय पत्करला, तसा यांनींही पत्करला आहे. घरांतला धाकटा नातू पाहुण्यांस समुद्राच्या तळाशीं नेऊन सुखरूप परत आणण्याचें, म्हणजे हल्लीं ज्यास स्कूबा म्हणतात तें काम, रीतसर शिकून करतो. फाटकावर लावण्यासाठीं त्यानें एक पाटी योजिली होती, आणि तीवर लिहावयाची जी ओळ त्यास सुचली ती अशी : ‘बुडाल तर तराल.’

ओळ आम्हांस फार आवडली. ‘तर’ हें अव्यय आणि ‘तरणें’ हें क्रियापद तींत एकमेकांस खेटून बसलीं आहेत. त्यांतही पुन्हां, पाण्यावर राहणें आणि उद्धरून जाणें हे दोन अर्थ ‘तरणें’ या एकाच शब्दांत नांदत आहेत. मोरोपंतांच्या यमकांवर वाढलेल्या आमच्या पिढीस असा शब्द भेटला कीं जेवणांत चटणी वाढल्यासारखें वाटतें. परंतु घरांतल्या आजींना ती ओळ मुळींच रुचली नाहीं. “दारावर ‘बुडाल’ असें लिहितात का रे कुठें? घरीं येणाऱ्याला पहिलाच शब्द हा?” असें त्या म्हणाल्या. “पण आजी, पुढें ‘तराल’ आहे ना!” असें नातवानें सांगतांच त्यांनीं उत्तर दिलें, “पुढचें वाचायला माणूस थांबला तर!”

वाद तेथेंच मिटला असता. पण पाटीवर इंग्रजी ओळही हवी होती, कारण पाहुणे बंगळूर-हैदराबादेकडून येतात, क्वचित् परदेशांतूनही येतात. नातवानें आपल्या फोनमधील भाषांतर-यंत्रास विचारलें, तेव्हां त्यानें ‘इफ् यू सिंक, यू विल् सर्व्हाइव्ह’ अशी ओळ काढून दिली. ‘बुडालांत तरी वांचाल’ असें आश्वासन वाचून कोण शहाणा पाण्यांत पाय घालील? मराठींत जी मौज होती, ती इंग्रजींत धमकी झाली. आजींचा आक्षेप परभाषेंत गेल्यावर अगदीं अक्षरशः खरा ठरला. मग तें काम आमच्याकडे आलें. जो मासिकांतून लिहितो त्यास सर्व कांहीं येतें, अशी घरोघरीं समजूत असते.

अशा प्रसंगीं थोरांनीं काय केलें तें पाहावें, म्हणून आम्हांस पॅरिसची आठवण झाली. २०२४ च्या ऑलिंपिक सामन्यांसाठीं तेथील संयोजकांनीं जुलै २०२२ मध्यें आपलें घोषवाक्य जाहीर केलें. तें फ्रेंचमध्यें ‘उव्रों ग्रां ले झ्यो’ असें आहे. शब्दशः अर्थ इतकाच कीं, ‘चला, आपण हे खेळ सताड उघडूं या.’ परंतु फ्रेंच कानास त्यांत आणखी कांहीं ऐकूं येतें. त्या भाषेंत ‘झ्यो’ म्हणजे खेळ आणि ‘यो’ म्हणजे डोळे. मागचें ‘ले’ हें अनेकवचनाचें उपपद. त्याच्या शेवटीं ‘स’ लिहितात, पण एरवीं उच्चारीत नाहींत. मात्र पुढें स्वर किंवा ‘य’सारखा अर्धस्वर आला कीं तो निजलेला ‘स’ जागा होतो आणि सौम्य होऊन पुढच्या शब्दास चिकटतो. म्हणजे ‘ले’ आणि ‘यो’ मिळून ‘लेझ्यो’ झालें. आणि ‘ले’ व ‘झ्यो’ मिळूनही जवळजवळ तोच ध्वनि निघतो. म्हणून ‘खेळ सताड उघडूं या’ असें म्हणतां म्हणतां ‘डोळे विस्फारून पाहूं या’ असेंही म्हटलें जातें. संस्कृत पाठशाळेंत यास सभंग श्लेष म्हणतात : एके ठिकाणीं तोडलें तर एक अर्थ, दुसरीकडे तोडलें तर दुसरा. संधीचे नियम पाठ करून ज्यांचे डोळे भरून आले असतील, त्या वाचकांस हा फ्रेंच संधि परका वाटूं नये.

आतां हें इंग्रजींत कसें न्यावयाचें? इंग्रजींत खेळ ते ‘गेम्स’ आणि डोळे ते ‘आइज्’. त्या दोहोंत नादाचें कांहींच नातें नाहीं. संयोजकांनीं नादाचा हट्टच सोडून दिला. डोळे पूर्ण उघडे ठेवणें या अर्थीं इंग्रजींत ‘आइज् वाइड ओपन’ असा रुळलेला वाक्प्रचार आहे. त्यांतील ‘आइज्’ उठवून त्या जागीं ‘गेम्स’ बसविला, आणि ‘गेम्स वाइड ओपन’ अशी ओळ तयार झाली. येथें ध्वनि काम करीत नाहीं, वाचकाची आठवण काम करते. ओळींत डोळे कोठेंच लिहिलेले नाहींत; पण उरलेले दोन शब्द ज्याच्या कानांवरून वारंवार गेलेले आहेत, त्यास ते डोळे आपोआप आठवतात. श्लेषाचें भाषांतर श्लेषानेंच झालें पाहिजे असें नाहीं, हें यावरून आम्हांस प्रथम उमगलें.

मराठींत ही ओळ कशी होईल, असा प्रश्न साहजिकच निघाला. सभोंवतीं बसलेल्या मुलांनीं ‘डोळे’ आणि ‘खेळ’ यांची पुष्कळ ओढाताण केली. तेवढ्यांत कोणास तरी शिमग्याची आठवण झाली. कोंकणांत शिमग्याच्या दिवसांत सोंगें घेऊन घरोघर येणाऱ्यांस ‘खेळे’ म्हणतात. ‘डोळे’ आणि ‘खेळे’ यांचें यमक तर आमच्या अंगणांतच नाचत होतें! ‘उघडा डोळे, आले खेळे’ ही ओळ ऑलिंपिकच्या दर्जाची नसेल. पण ती घाट चढून देशावर गेली कीं तिचा अर्थ समजावून सांगावा लागेल, येवढ्यापुरता तिचा व फ्रेंच ओळीचा स्वभाव एकच आहे.

खेळांचे शब्द देशोदेशीं फिरतांना नेहमीं गमावतातच असें नव्हे. केव्हां केव्हां कमावतातही. टेनिस हा शब्द, ‘घ्या, सांभाळा’ अशा अर्थाच्या ‘तने’ या फ्रेंच खेळाडूंच्या हाकेवरून इंग्रजींत आला असें कोशकार मानतात. म्हणजे एक हाकच खेळाचें नांव होऊन बसली. आपल्याकडे क्रिकेट आलें तेव्हां तीन यष्टींची उडालेली दाणादाण पाहून कोणा रसिकास ‘त्रिफळा’ आठवला. हिरडा, बेहडा आणि आवळकाठी यांचा जो डबा प्रत्येक आजीच्या फडताळांत असतो, तो मैदानावर कसा उडाला, याची मौज इंग्रजी शब्दांत नाहीं. ती मराठीनें पदरची घातली आहे.

परंतु पॅरिसच्या इंग्रजी ओळींत एक गोष्ट खरोखरच हरवली. ‘उव्रों’ या क्रियापदांत ‘आपण’ आहे. तें निमंत्रण आहे. ‘गेम्स वाइड ओपन’ हें नुसतें वर्णन आहे; त्यांत बोलावणारा कोणी नाहीं. ही हानि किती मोठी, हें मालवणांत बसून चांगलें कळतें. कोंकणच्या पर्यटनाची सर्वतोमुखीं झालेली ओळ आहे, ‘येवा, कोंकण आपलोच असा.’ यांतील ‘आपलो’ पाहा. पाहुण्यास आदरानें ‘आपला’ म्हणतों तेव्हां तो ‘तुमचा’ असतो. घरच्या माणसांत ‘आपला’ म्हणतों तेव्हां तो तुमचा-आमचा, दोघांचा असतो. इंग्रजी ‘अवर’ या शब्दांत येणाऱ्यास धरलें आहे कीं वगळलें आहे, तें कळत नाहीं. उलट ‘युअर्स’ लिहिलें तर पाहुणा आंत येतो आणि यजमानच बाहेर पडतो. वाडवडिलांच्या जमिनी परक्या हातीं जात असल्याची खंत ज्या प्रदेशांत घरोघरीं बोलली जाते, तेथें ‘कोंकण तुमचें आहे’ हें वाक्य कोणी जमिनीचा गिऱ्हाईक निराळ्याच डोळ्यांनीं वाचील! दोन अर्थांपैकीं एक टाकणें भाषांतरकारास भागच असतें. पण कोणता टाकला, यावरून यजमानाचें घर राहतें किंवा जातें.

पॅरिसकरांनीं याआधीं एकदां चटका खाल्ला होता. याच सामन्यांचें यजमानपद मिळविण्यासाठीं फेब्रुवारी २०१७ मध्यें त्यांनीं पुढें केलेलें घोषवाक्य ‘मेड फॉर शेअरिंग’ असें इंग्रजी होतें. ‘या, वांटून घ्या’ अशा अर्थाचें फ्रेंच रूप त्याच्या सोबतीस होतें. फ्रेंच भाषेच्या अभिमान्यांनीं त्यावर ओरड केली, आणि कांहीं संस्था न्यायालयापर्यंत गेल्या. पुढची ओळ मात्र फ्रेंच कानासाठीं जुळविलेली आहे, हें तिच्या घडणीवरूनच दिसतें. शिवाय तिला कृतीचा आधार मिळाला. २६ जुलै २०२४ रोजीं उद्घाटन क्रीडांगणाच्या भिंतींत न होतां सेन नदीवर झालें, खेळाडू होड्यांतून आले; आणि ऑलिंपिक मॅरेथॉनच्या मार्गावरून सामान्य नागरिकांसही धावण्याची सोय करण्यांत आली. त्याच सामन्यांत १ ऑगस्ट रोजीं, सिंधुदुर्गाला लागून घाटावर असलेल्या राधानगरी तालुक्यांतील स्वप्नील कुसळे यानें रायफलच्या नेमबाजींत कांस्यपदक मिळविलें, तेव्हां मराठी घरांतले डोळेही विस्फारले होते. दार उघडें म्हटलें आणि तें खरोखर उघडें निघालें, म्हणून ती ओळ दोन्ही भाषांत टिकली.

या विचारानें आम्ही पुन्हां आमच्या पाटीकडे वळलों. ‘तर’ आणि ‘तराल’ यांचा नाद सोडतां येईल, कारण तो सोडण्यावांचून गत्यंतर नाहीं. उद्धाराचा अर्थही सोडतां येईल, कारण पर्यटक समुद्रांत मोक्षासाठीं उतरत नाहीं. परंतु खालीं गेलेला माणूस वर येतो, हा अर्थ सोडतां येणार नाहीं. मे २०२२ मध्यें याच तारकर्लीच्या समुद्रांत पर्यटकांची होडी उलटून दोघांचे प्राण गेले. त्या किनाऱ्यावर ‘बुडण्या’ची थट्टा कोणत्या भाषेंत कशी ऐकूं जाईल, याचा विचार पाटी रंगविणाऱ्यानें करावयास नको काय?

इंग्रजींत ‘कम अप स्मायलिंग’ असा एक वाक्प्रचार आहे. तो मुष्टियुद्धाच्या आखाड्यांतून आला. ठोसे खाऊनही पुढच्या फेरीस हंसत उभा राहणारा मल्ल त्यांत अभिप्रेत असतो. त्याचा सरळ अर्थ मात्र ‘हंसत वर या’ असाच आहे. तो खेळांतूनच आलेला, दोन अर्थांचा, आणि वर येण्याचें अभय देणारा. आम्हीं लिहून दिलें : ‘डाइव्ह डाउन, कम अप स्मायलिंग.’

नातू खूष झाला. आजींनीं अर्थ विचारला. “बुडी मारा, हंसत वर या,” असें त्यानें सांगितलें. त्या क्षणभर थांबून म्हणाल्या, “मग मराठींतही हेंच कां नाहीं लिहीत? बुडी माणूस आपल्या मनानें मारतो. बुडतो तो नशिबानें.” आम्ही दोघेही निरुत्तर झालों. यमकाच्या नादांत ‘बुडणें’ आणि ‘बुडी मारणें’ यांतील भेद आमच्या लक्षांतून निसटला होता.

शेवटीं तडजोड झाली. फाटकावर ‘बुडी मारा, हंसत वर या’ आणि खालीं इंग्रजी ओळ. नातवाची ‘बुडाल तर तराल’ आंत, जेथें पाण्यांत उतरण्याचे पोषाख आणि तरंगण्याचीं जाकिटें टांगलेलीं असतात त्या पडवीच्या भिंतीवर. कारण तेथवर आलेला माणूस यजमानांस ओळखूं लागलेला असतो. पावसाळ्यांत हें काम बंद असल्यामुळें पाटी तूर्त माळ्यावर ठेवली आहे. ती दिवाळीला लागेल. तोंवर ‘तर’ आणि ‘तराल’ यांची मौज राखणारी, पण आजींना चालेल अशी ओळ कोणा वाचकास किंवा वाचकभगिनीस सुचल्यास त्यांनीं ती आम्हांकडे अवश्य पाठवावी. रंगाऱ्यास अजून बोलाविलेलें नाहीं.