पोत्याचं वजन विचारणारा पत्रकार

बिहारच्या दुष्काळात मदतीला गेलेल्या तरुण डॉक्टरचं ‘पूर्णिया’ हे पुस्तक १९६९ साली आलं. पुढे ओतूरच्या अनिल अवचटांची डॉक्टरकी मागे पडत गेली आणि मुक्त पत्रकारिता हेच काम झालं.

‘साधना’ साप्ताहिकाच्या १५ ऑगस्ट १९७२च्या विशेषांकाचं संपादन त्यांच्याकडे होतं. देश स्वातंत्र्याची पंचविशी साजरी करत होता; अवचटांनी अंकाची पानं दलित तरुणांना दिली. राजा ढाले यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख त्यातच छापून आला. दलित स्त्रीच्या विटंबनेपेक्षा ध्वजाच्या अवमानाला शिक्षा जास्त का, हा ढाल्यांचा सवाल महाराष्ट्राला झोंबला. गदारोळ झाला, पण ढाल्यांच्या दलित पँथर या संघटनेचं नाव घरोघरी पोचलं.

नंतरच्या ‘माणसं’, ‘कोंडमारा’, ‘संभ्रम’ या पुस्तकांत हमाल आहेत, विडी कामगार आहेत, गावाने छळलेले दलित आहेत, बुवांच्या पायाशी बसलेले भक्त आहेत. अवचट आधी हिशोब विचारायचे. पोतं किती किलोचं? हजार विड्यांना मिळतात किती, त्यातून कापलं किती जातं? उत्तरं साध्या, तुटक वाक्यांत यायची आणि सत्ता कुणाच्या हातात आहे ते वाचकाला आपोआप कळायचं. सिद्धान्त मांडत नाहीत, नुसतं वर्णन करतात, असा आक्षेप त्यांच्यावर झाला. मला तो पटत नाही. मजुरीचा खरा आकडा छापणं ही त्या काळी मोठी भूमिका होती.

एक मर्यादा मात्र खरी. लिहिणारा बाहेरचा होता. १९७८ला दया पवारांचं ‘बलुतं’, १९८०ला लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ ही आत्मकथनं आली आणि ती माणसं स्वतःच बोलू लागली. हे व्हायलाच हवं होतं.

अवचटांच्या मुक्त पत्रकारितेची किंमत घरातून भरली जात होती. पत्नी डॉ. सुनंदा मनोरुग्णालयात नोकरी करत आणि त्या पगारावर संसार चाले. १९८६ साली दोघांनी ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, १९९७ला सुनंदा गेल्या, २७ जानेवारी २०२२ला अवचटही.

आज तालुक्याच्या गावात राहून पारधी वस्तीवर, ऊसतोड कामगारांवर लिहिणाऱ्या मुलामुलींच्या पाठीशी असा पगार नसतो. संपादकांनो, त्यांचा लेख छापताना मानधनाबरोबर एसटीचं भाडंही द्या, आणि ते वेळेवर द्या.