रिकामी मूठ
लेखमाला : मुलं विचारतात (लेखांक ६)

पाप आणि तारण हा धडा संडे स्कूलच्या शिक्षकांना सगळ्यात सोपा वाटतो, आणि बहुधा म्हणूनच तो सगळ्यात जास्त बिघडतो. उत्तरं आधीपासून तयार असतात. "पाप म्हणजे काय?" असं विचारलं की पहिलीतलं पोरही हात वर करून सांगतं: खोटं बोलणं, चोरी करणं, आईबाबांचं न ऐकणं. "तारण कोण करतो?" "प्रभू येशू!" प्रार्थना झाली, खाऊ वाटला, वर्ग सुटला. या उत्तरांत चूक काहीच नाही. फक्त ती आपल्याबद्दल आहेत असं त्या पोराला वाटत नाही. त्याच्या लेखी पापी माणसं म्हणजे यहूदा इस्कर्योत आणि बातम्यांतले चोर.

म्हणून माझं म्हणणं असं की यादी बाजूला ठेवावी आणि मुलांना आतून ठाऊक असलेल्या एका गोष्टीपासून सुरुवात करावी. ती गोष्ट म्हणजे लपवणं.

एक प्रसंग घ्या. आपल्या मंडळ्यांमध्ये तो नवा नाही. रविवारी सकाळी आई आठ वर्षांच्या मुलाच्या हातात अर्पणासाठी दहा रुपयांचं नाणं ठेवते. चर्चच्या फाटकाशी कुल्फीवाला उभा असतो आणि नाणं तिथेच संपतं. उपासनेत अर्पणाची थैली ओळीतून फिरत आली की मुलगा बंद मूठ आत घालतो, आतल्या आत उघडतो आणि हात बाहेर काढतो. शेजारी बसलेल्या आईला काही कळत नाही. तरीही घरी जाताना तो तिचा हात धरत नाही, चार पावलं पुढेच चालतो. दुपारी ताटात आवडीचं मटण असूनही गप्प असतो.

वर्गात हे सांगून विचारायचं, तो गप्प का? "मार पडेल म्हणून," हे उत्तर हमखास येतं. पण मार कशाचा, कोणाला काही माहीतच नाही! इथे शिक्षकानं घाई करू नये. थोडं थांबलं की एखादी मुलगी हळूच सांगते, "त्याला आईकडे बघवत नसेल." धडा इथे सुरू होतो. आज्ञा मोडली हे खरंच, पण आज्ञेच्या मागे एक माणूस होतं आणि आता त्याच माणसाची नजर चुकवावी लागते. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात फळ खाल्ल्यावर आदाम आणि हव्वा आधी अंग झाकतात आणि मग झाडांत लपतात. पुढे शिक्षा आहे, ती गाळू नये. पण शिक्षेच्या आधी देव त्यांना शोधत येतो. बायबलमध्ये देवानं माणसाला विचारलेला पहिला प्रश्न, तो कुठे आहे, हा आहे.

मोठ्या मुलांसाठी, म्हणजे आठवी-नववीच्या, कुल्फी पुरत नाही. त्यांना संत ऑगस्टीनची नासपतीची गोष्ट सांगावी. सोळाव्या वर्षी त्यानं मित्रांबरोबर शेजारचं झाड रात्री लुटलं. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळं होती आणि चोरलेली बरीचशी डुकरांपुढे टाकली. पुढे बिशप झाल्यावर 'कन्फेशन्स'मध्ये त्यानं या फुटकळ चोरीवर पानंच्या पानं लिहिली, कारण आपण हे का केलं याचं उत्तर त्याला सापडत नव्हतं. या वयाच्या मुलांना ही बेचैनी लगेच कळते.

आता थोडं साधनांबद्दल. सुट्टीतल्या बायबल वर्गात 'अक्षराविना पुस्तक' बहुतेकांनी पाहिलेलं असतं. लंडनच्या स्पर्जन यांनी 1866 साली एका प्रवचनात त्याची कल्पना मांडली तेव्हा त्यात तीनच पानं होती: काळं, लाल, पांढरं. सोनेरी पान अमेरिकन प्रचारक मूडी यांनी 1875 मध्ये जोडलं. साधन उत्तम आहे, वाचता न येणाऱ्या मुलालाही समजतं. पण आपल्याकडे काळं पान उघडून "हे तुझं पापी हृदय" असं म्हणताना समोर कोण बसलंय ते पाहावं. शाळेत रंगावरून चिडवली जाणारी सावळी मुलगी त्या पानात हृदय पाहत नाही, स्वतःची कातडी पाहते. आता बऱ्याच ठिकाणी सुरुवात सोनेरी पानापासून, म्हणजे देवाच्या प्रेमापासून करतात आणि काळ्याला 'अंधाराचं पान' म्हणतात. मला हा बदल योग्य वाटतो, आणि तो फक्त रंगापुरता नाही. त्यात क्रम आहे. प्रेम आधी कळलं तरच ते तुटल्याचं दुःख कळतं.

तर, पुन्हा आपल्या कुल्फीच्या गोष्टीकडे. आईला कळतं. कुल्फीवालाच सांगतो म्हणा. ती म्हणू शकते, "जाऊ दे, दहाच तर रुपये!" याला पुष्कळ जण क्षमा समजतात, पण यात मुलाचं ओझं कोणी उचललंच नाही, ते नाहीच असं ठरवून टाकलं. किंवा ती म्हणेल, "महिनाभर नीट वाग, मग बोलेन तुझ्याशी." हाही तारणाचा मार्ग नाही, आपल्या घरांत तो कितीही चालत असला तरी. तिसरी शक्यता अशी: ती त्याला जवळ घेते, सगळं त्याच्याच तोंडून ऐकते, चूक होती हे स्पष्ट सांगते आणि दहा रुपये आपल्या पाकिटातून अर्पणाच्या पाकिटात टाकते. मुलांना इथे एक हिशोब विचारावा: पैसे गेले कुठे? ते हवेत विरले नाहीत. क्षमा झाली तेव्हा नुकसान क्षमा करणाऱ्यानं सोसलं.

इथून वधस्तंभाकडे जाता येतं. रागावलेला न्यायाधीश आणि त्यानं फासावर दिलेला निष्पाप मुलगा ही गोष्ट मात्र लहानांना सांगू नये. ती ऐकून मूल एवढंच ठरवतं की येशू चांगला आणि देवबाप भयंकर. पौल करिंथकरांना लिहितो ते वेगळं आहे: ख्रिस्तामध्ये देव स्वतःच जगाशी समेट करत होता. सोसणारा आणि क्षमा करणारा दोन नव्हेत. "मग मरावंच का लागलं?" असं एखादं मूल विचारेलच. नव्या करारात खंडणी, यज्ञ, विजय अशी अनेक चित्रं आहेत आणि एकात सगळं मावत नाही, एवढं प्रामाणिकपणे सांगायला हरकत नाही.

मग त्या मुलानं पैसे परत करायचे की नाही? याचं उत्तर लूकच्या शुभवर्तमानातल्या जक्कय या जकातदाराकडे आहे. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे आपण होऊन चूक कबूल करणाऱ्यानं मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा द्यायचा असे. मेंढरू चोरून कापणाऱ्याला मात्र चार भरावी लागत. जक्कय सवलत घेत नाही, चोराचा दर स्वतःला लावून चौपट देतो. पण कधी? येशूनं त्याला उंबराच्या झाडावरून नाव घेऊन खाली बोलावल्यावर, त्याच्या घरी उतरायचं ठरवल्यावर. तारणाची घोषणा परतफेडीच्या बोलण्यानंतर येते हे खरं, पण आमंत्रणाला अट नव्हती. आपला मुलगाही पुढच्या रविवारच्या खाऊच्या पैशातून दहा रुपये टाकेल, तर टाकू द्यावेत. आईचं प्रेम विकत घेण्यासाठी ते नाहीत, ते त्याला आधीच मिळालं आहे.

लूकच्या पंधराव्या अध्यायात धाकटा मुलगा घरी येताना एक भाषण पाठ करतो. त्याचं शेवटचं वाक्य, मला मोलकरी म्हणून ठेवा, बापासमोर त्याच्या तोंडून निघतच नाही. त्याआधीच बाप अंगरखा मागवतो. वर्गात ही दोन वचनं, 19 आणि 21, शेजारी शेजारी ठेवून मुलांनाच शोधायला लावावं, काय गळलं ते.

राहिला थोरला भाऊ. अर्पणाचे पैसे कधीही न खाल्लेला, हजेरीचं बक्षीस दरवर्षी घेणारा मुलगा आपल्या प्रत्येक वर्गात असतो, आणि त्याला पाप शिकवणं फार अवघड. पुढच्या आठवड्यात त्याच्याविषयी.