पांढरे रण

भूज सोडून आमची सहलीची बस खावड्याच्या रस्त्याला लागली. वाटेत कर्कवृत्ताची पाटी आली. शाळेत नुसती पाठ केलेली रेषा!

धोरडोपुढचे पांढरे रण म्हणजे वाळू नव्हे, मीठ. पावसाळ्यात समुद्राचे व पावसाचे पाणी या सपाट भूमीवर पसरते. हिवाळ्यात आटते, मीठ मागे राहते. १८१९ च्या भूकंपात येथे अल्लाबंद नावाचा उंचवटा उठला व सिंधूच्या एका फाट्याचे गोडे पाणी अडले.

वडील ट्रकचालक. गांधीधामहून त्यांनी कितीदा मीठ वाहिले, पण रण पाहिले नाही; सवड कुठली? मी चिमूटभर मीठ कागदात बांधून नेले. जिभेवर ठेवून ते म्हणाले, "कच्चे आहे."