आज्ञावली-संग्रह

विशिष्ट कामे करणाऱ्या व इतर आज्ञावलींना थेट वापरता येणाऱ्या उपआज्ञावलींचा संच. ही कल्पना जुनी आहे. केंब्रिज विद्यापीठातील एडसॅक या संगणकासाठी केलेल्या अशा संग्रहाचे वर्णन विल्क्स, व्हीलर व गिल यांच्या १९५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आढळते. टंकलिखित आदेशाने चालणाऱ्या एखाद्या तयार साधनाच्या अंतर्भागातून असा संग्रह वेगळा काढणे मात्र वाटते तितके सोपे नसते.

स्वतंत्रपणे चालणारे साधन आपल्या कामापुरते स्वामी असते. चूक आढळली की ते पडद्यावर संदेश छापते आणि थांबते. त्याने व्यापलेली स्मृती संगणकाची परिचालन प्रणाली परत घेते. हीच उपआज्ञावली महिनोन्‌महिने अखंड चालणाऱ्या दुसऱ्या आज्ञावलीत बसविली, तर तिच्या थांबण्याने यजमान आज्ञावलीही बंद पडते आणि न सोडलेली स्मृती साचत जाते. म्हणून संग्रहातील उपआज्ञावलीने चुकीचा केवळ संकेतांक परत द्यावा व पुढचा निर्णय बोलावणाऱ्यावर सोपवावा, असा दंडक आहे. तिने पडद्यावर परस्पर काही छापू नये. चालू कामाची स्थिती सामाईक चलांत न ठेवता प्रत्येक कामासाठी निराळी ठेवावी लागते. अन्यथा एकाच वेळी चाललेली दोन कामे परस्परांचा घोळ करतात.

जालावरून माहितीची ने-आण करणारे ‘कर्ल’ हे साधन या दृष्टीने उद्‌बोधक आहे. स्वीडनचे डॅन्येल स्टेनबर्ग यांनी ते १९९८ मध्ये या नावाने प्रसृत केले. ऑगस्ट २००० मध्ये त्याचा गाभा ‘लिबकर्ल’ या संग्रहाच्या रूपाने वेगळा झाला आणि मूळ साधन त्यावरील एक पातळ आवरण बनले. आलेली माहिती कोठे ठेवायची, हे येथे यजमान आज्ञावलीच आपली उपआज्ञावली पुरवून ठरवू शकते. एकदा जाहीर केलेला करार मोडणे मात्र महाग पडते. २००६ मधील ७.१६.० या आवृत्तीत तो मोडला गेला. त्यानंतर तो कसोशीने पाळण्यात आला आहे.

‘गिट’ची (२००५) गोष्ट निराळी. आज्ञावलींच्या आवृत्त्यांची नोंद ठेवणाऱ्या या साधनातील असंख्य उपआज्ञावली चूक होताच सारे काम संपवीत आणि सामाईक चलांवर विसंबून असत. त्यामुळे इतर आज्ञावलीकारांना गिट स्वतंत्रपणे चालवून त्याने छापलेला मजकूर वाचत बसावे लागे, आणि त्या मजकुराची मांडणी बदलली की त्यांचे काम अडे. अखेर २००८ मध्ये ‘लिबगिट२’ हा संग्रह मूळ साधनातून न काढता स्वतंत्रपणे लिहिण्यास प्रारंभ झाला. गिटचा परवाना त्याच्याशी जोडलेल्या व वितरित केलेल्या आज्ञावलीवरही त्याच अटी घालतो. लिबगिट२ च्या परवान्यात जोडणीपुरता खास अपवाद ठेवला आहे.