विद्यार्थ्यांचे आत्मवृत्त आणि भाषाशिक्षण

मराठी शाळांतील निबंधलेखनात 'आत्मवृत्त' हा प्रकार सर्वपरिचित आहे. फाटके पुस्तक, जुनी छत्री, आटलेली नदी यांची आत्मवृत्ते विद्यार्थी वर्षानुवर्षे लिहीत आले आहेत. त्यामुळे कल्पनाशक्तीला चालना मिळते, यात शंका नाही. तथापि छत्रीचे मनोगत दीड पान लिहिणाऱ्या मुलास स्वतःविषयी लिहावयास सांगितले, तर नाव, गाव आणि इयत्ता यांपुढे त्याची लेखणी सरकत नाही. त्याच्याजवळ सांगण्यासारखे काही नसते, असे नव्हे. आपले साधे जगणे हाही लेखनाचा विषय होऊ शकतो, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

वस्तुतः मराठीत या लेखनाची परंपरा मोठी आहे. महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या सुमारे चौदा वर्षांच्या मुलीने आपल्या समाजाच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' पत्रात प्रसिद्ध झाला. लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या लक्ष्मीबाई टिळक यांच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ मध्ये प्रकाशित झाला. त्यातील घरगुती, बोलकी भाषा हेच त्याचे बळ ठरले.

चार कौशल्यांचा मेळ

पाचवी ते सातवीच्या वर्गांत हा उपक्रम सहज राबविता येतो. प्रथम मुलांनी घरातील वडीलधाऱ्यांना प्रश्न विचारावेत : माझे नाव कोणी ठेवले? जन्माच्या वर्षी पाऊसपाणी कसे होते? आजी कोणत्या गावाहून आली? येथे श्रवणाचा सराव होतो. मिळालेली माहिती वर्गात तोंडी सांगताना संभाषणाचा, ती लिहिताना लेखनाचा आणि एकमेकांचे कच्चे लेखन तपासताना वाचनाचा सराव घडतो. आरंभी संपूर्ण जीवनकथा मागू नये. शाळेचा पहिला दिवस, घरातील एक वस्तू, एखादा प्रवास असे एकेका प्रसंगाचे दहा ओळींचे लेखन पुरे. वर्षाअखेर हे तुकडे कालक्रमाने जोडले की आत्मवृत्त आपोआप सिद्ध होते.

दुरुस्ती कशी करावी?

लाल शाईचा सढळ वापर हा या उपक्रमातील मोठा अडथळा होय. एका वेळी एकाच प्रकारची चूक दाखवावी. आज विरामचिन्हे, पुढील खेपेस ऱ्हस्वदीर्घ. मुलाने 'माय' लिहिले असता तेथे 'आई' करण्याचे कारण नाही. ऊसतोडीसाठी आईवडिलांबरोबर गाव सोडावे लागणाऱ्या मुलाच्या लेखनात कोपी, मोळी, वाढे हे शब्द येणारच. हे शब्द म्हणजे चुका नव्हेत, ती त्याची शब्दसंपत्ती आहे. बोलीतील वाक्य आणि प्रमाणभाषेतील वाक्य शेजारीशेजारी लिहून दाखविल्यास मुलास प्रमाणभाषा येते आणि घरच्या भाषेची लाजही वाटत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा वा मातृभाषा हे शिक्षणाचे माध्यम असावे, असे म्हटले आहे.

एक दक्षता

प्रत्येक घरात सांगण्याजोगे तसेच न सांगण्याजोगेही काही असते. पित्याचे व्यसन, कर्ज, घरातील मृत्यू यांविषयी मूल लिहील, तेव्हा ते लेखन त्याच्या संमतीशिवाय वर्गात वाचू नये. काय लिहावे व काय गाळावे, याचा अधिकार मुलाचाच राहिला पाहिजे. मात्र मूल संकटात असल्याचे लेखनातून दिसून आल्यास शिक्षकाने केवळ गुण देऊन थांबू नये. त्याच्याशी एकांतात बोलून योग्य ते साहाय्य मिळवून द्यावे.

गावाचा सहभाग

या उपक्रमास फार खर्च लागत नाही. प्रत्येक मुलामागे एक वही ग्रामपंचायतीने अथवा शाळा व्यवस्थापन समितीने पुरविली, तरी काम सुरू होते. मुलांच्या व पालकांच्या संमतीने निवडक लेखन गावच्या वाचनालयात ठेवावे आणि प्रजासत्ताकदिनी त्याचे वाचन व्हावे. आपल्या मुलीने लिहिलेली आपल्याच कष्टांची कहाणी ऐकताना निरक्षर मातेलाही शाळा आपली वाटू लागेल. ज्या मुलास स्वतःचे चार शब्द सरळ लिहिता आले, त्याला पुढे अर्ज, तक्रार वा ग्रामसभेतील आपले म्हणणे मांडण्यासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागणार नाही.