ठपका पेशंटवर, करणी कणांची

ऑपरेशन करून बसवलेला कृत्रिम खुबा दहा-पंधरा वर्षांनी सैल झाला की आमच्या जालन्याकडच्या जांब समर्थ भागात बोट पेशंटकडेच जातं : मांडी घातली असेल, पोतं उचललं असेल. वैद्यकालाही खरा गुन्हेगार ओळखायला बराच काळ लागला.

इंग्लंडचे सर्जन जॉन चार्नली यांनी खुब्यात आधी टेफ्लॉनच्या वाट्या बसवल्या. त्या भराभर झिजल्या, भोवती गाठी धरल्या. हे झिजून सुटलेल्या कणांमुळे होतं का, हे पाहायला त्यांनी टेफ्लॉनचे कण स्वतःच्या मांडीत टोचून घेतले. नऊ महिन्यांनीही तिथे गाठी हाताला लागत होत्या. 1962च्या नोव्हेंबरपासून ते पॉलिथिलीनची वाटी वापरू लागले आणि तो सांधा जगभर गेला.

कणांचा इशारा मात्र मागे पडला. एक्स-रेत वाटीभोवती काळी रेघ आणि हाडात पोकळ्या दिसू लागल्या, तेव्हा दोष सांधा हाडात पक्का करणाऱ्या सिमेंटला दिला गेला. 1987मध्ये ‘सिमेंटचा आजार’ असं नावही पडलं. पण सिमेंटशिवाय बसवलेल्या सांध्यांभोवतीही हाड विरत होतंच! विलर्ट आणि सेमलिट्श या संशोधकांनी तर 1977मध्येच कणांचं नाव घेतलं होतं. चालताना पॉलिथिलीनचे मायक्रॉनहून बारीक कण सुटतात. भक्षक पेशी ते गिळतात, पण पचवू शकत नाहीत. त्यांनी सोडलेल्या रसायनांमुळे दाह होतो आणि हाड खाणाऱ्या पेशी वाढतात. चुकार जंतूंचा मंद संसर्गही हुबेहूब असाच दिसतो, म्हणून पुन्हा ऑपरेशन करण्याआधी सांध्यातलं पाणी तपासायला हवं.

प्लॅस्टिक टाळायला धातूवर धातू घासणारे सांधे आले, आणि त्यांतून कोबाल्ट-क्रोमियम सुटून भोवतालचं मांस मरू लागलं. डीप्यू कंपनीने आपला असाच ‘एएसआर’ सांधा ऑगस्ट 2010मध्ये परत मागवला. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने कंपनीविरुद्ध पोलिसांत तक्रार केली. भारतात या सांध्याची सुमारे 4,700 ऑपरेशनं झाली होती. त्यांतले बहुतेक पेशंट नंतर सापडलेच नाहीत. 2018मध्ये केंद्राने 30 लाख ते 1 कोटी 23 लाख रुपये भरपाई ठरवली, पण ज्याला आपल्या खुब्यात काय बसवलंय हेच ठाऊक नाही, त्याने ती मागायची कशी? ही गोष्ट मला सर्वांत जास्त सलते.

हाड विरताना सुरुवातीला दुखत नाही. त्यामुळे दुखत नसतानाही अधूनमधून एक्स-रे काढावा लागतो. त्यासाठी जालना किंवा संभाजीनगरचं घाटी रुग्णालय गाठायचं, म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते. तरी जावं, आणि सोबत ऑपरेशनची फाइल न्यावी. सांध्याच्या खोक्यावरचं बॅच नंबराचं स्टिकर तिच्यात चिकटवलेलं असतं. नसेल तर डॉक्टरांकडून मागून घ्यावं.