उद्यमबागेतला शिकाऊ टर्नर

पहाटे ५.३०
बेळगावहून जांबोटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर किणये हे भाताचे गाव. जुलैचा पाऊस रात्रभर धरून बसलेला. घरात सगळे उठलेत, कारण रोप लावणी चालू आहे. थोरला भाऊ वडिलांबरोबर शेतात जाईल. धाकटा कामाला. वय सतरा. यंदाच मराठी शाळेतून दहावी पास झाला आणि बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये शिकाऊ टर्नर म्हणून लागला. आई डब्यात तांदळाच्या दोन भाकऱ्या, वांग्याची भाजी आणि लसणाची चटणी भरते. दप्तर शाळेचेच आहे. त्यात आता वह्यांच्या जागी डबा, जुना शर्ट आणि सहा इंची स्टीलची पट्टी.

सकाळी ६.५०
पिरनवाडी येईतो बसमध्ये उभे राहायला जागा उरत नाही. निम्म्याहून जास्त बायका, कोणी भाजी घेऊन, कोणी घरकामाला. २०२३ च्या जूनपासून कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट आहे. पोराला तिकीट पडते. शाळा संपली तसा पासही संपला. जाऊन-येऊन तीस-पस्तीस रुपये, म्हणजे महिन्याला आठ-नऊशे. पगारातला पहिला वाटा बसचा.

७.४०
खानापूर रोडवर तो उतरतो. उद्यमबागेत गोगटे इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आहे, आणि आसपास फौंड्र्या, मशीन शॉप, हायड्रॉलिकचे कारखाने. एका शेडमध्ये बीड ओततात, पुढच्या गल्लीत त्याला माप देतात. सकाळी टेम्पोतून कास्टिंग उतरवण्याचा खणखणाट चालू असतो. हमालांची बोली कानडी, फौंड्रीतल्या पोरांची हिंदी, लेथवर मराठी. मशीनच्या भागांची नावे मात्र सगळ्यांची एकच.

८.००
हजेरी. घरचा शर्ट काढून जुना घालायचा, बाह्या कोपरावर दुमडायच्या. फिरत्या मशीनजवळ सैल बाही, हातमोजा, गळ्यातला दोरा काहीही चालत नाही. चक कापड ओढून घेतो आणि कापडामागून हात. मग अर्धा तास झाडू. कालचा बिडाचा चुरा ब्रशने गोळा करून पिंपात. स्टीलची बर वेगळ्या पिंपात, कारण भंगारवाला दोन्हींचा भाव वेगळा लावतो. लेथचा बेड पुसून तेल द्यायचे. चक चावी जागेवर. चकात चावी विसरून मशीन चालू केले तर ती गोळीसारखी सुटते, हे त्याला पहिल्याच दिवशी सांगितले आहे.

८.३०
कानस. व्हाइसमध्ये लोखंडाचा चौकोनी तुकडा धरलेला. चारही बाजू सपाट आणि एकमेकींना काटकोनात हव्यात. कानस पुढे जाताना कापते, मागे येताना उचलायची. दात भरू नयेत म्हणून वर खडू घासायचा. दर दहा-बारा हातांनी तुकडा काढून त्यावर गुण्या लावायचा आणि ट्यूबलाइटकडे धरायचा. फटीतून उजेड दिसला तर अजून काम आहे. उजेड मध्ये दिसत नाही, दोन्ही कडांना दिसतो. म्हणजे कानस हातात डुलते आहे. मनगट दुखते, उजव्या तळहाताला फोड आला आहे. त्याला शिकवणारे मामा चाळीस वर्षे लेथवर आहेत. येता-जाता ते तुकडा उचलतात, बघतात, खाली ठेवतात. आज म्हणाले, "कालपरास बरा आहे."

१०.३०
चहा. कंपनीचा एक, दुसरा हवा तर गाड्यावर दहा रुपयांचा. तो दुसरा घेत नाही.

१०.४५
लेथ. पंपाला लागणारे बिडाचे बुश आहेत. त्याला फक्त बाहेरचा रफ कट मारायचा आहे. ड्रॉइंग इंग्रजीत, पण आकडे आणि खुणा कळू लागल्यात. आधी गती काढायची. मामा वहीत करायला लावतात: कापायचा वेग मिनिटाला २० मीटर, त्याला १,००० ने गुणायचे आणि पायने (π) गुणलेल्या व्यासाने भागायचे. ४८ मिलिमीटरला मिनिटाला सुमारे १३३ फेरे येतात. गियरचा दांडा त्याच्या जवळच्या आकड्यावर. दहावीच्या वर्गात पाय वर्तुळाच्या उदाहरणात होता. इथे तो चुकला तर टूलची धार जळते. बीड कोरडेच कापतात, कूलंट नाही. काळा चुरा उडतो आणि नाकात बसतो. तोंडाला रुमाल, डोळ्यांवर चष्मा. बारा बुश झाले.

१२.१०
मामा एक बुश त्याच्याकडे फिनिशला देतात. माप ४८.०० ते ४७.९५. मायक्रोमीटर लावतो. त्याचा स्क्रू एका फेऱ्यात अर्धा मिलिमीटर सरकतो, फिरत्या नळीवर ५० रेषा, म्हणून एक रेष म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. वाचन ४८.२०. तो डायल ०.२० फिरवतो आणि कट मारतो. पुन्हा मापतो. ४७.८०. या लेथवर डायलचा आकडा एका बाजूचा आहे, टूल ०.२० आत गेले की व्यास ०.४० ने उतरतो. "काय करूलास? डायलला विचारूलास, जॉबला विचारूलास?" मामांचा आवाज चढत नाही. बुश भंगाराच्या पिंपात. पोराचे कान लाल. लगेच दुसरा बुश त्याच्याच हातात दिला जातो. या वेळी तो ०.०५ घेतो, मापतो, पुन्हा ०.०५ घेतो, मापतो. ४७.९८.

१.००
डबा. शेजारी बसलेला मोल्डर बिहारचा, त्याला चटणी आवडते. बोलणे पगारावर येते. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. २०१९ च्या नियमांनी दहावी पास उमेदवाराला पहिल्या वर्षी महिन्याला किमान ६,००० रुपये विद्यावेतन ठरवले, दुसऱ्या वर्षी दहा टक्के वाढ. केंद्राच्या २०१६ च्या योजनेत त्यातला चौथा हिस्सा, जास्तीत जास्त १,५०० रुपये, सरकार सोसते. सहा हजारांना सव्वीस दिवसांनी भागले तर रोजचे सुमारे २३०. बसचे काढले तर दोनशेच्या आसपास. त्याने घरी ४,००० द्यायचे कबूल केले आहे. उरलेल्यातून सेफ्टी बूट आणि पुढे स्वतःचा व्हर्नियर.

२.१५
पाऊस वाढतो आणि लाइट जाते. सगळे चक घरंगळत थांबतात. पोराचा हात आधी टूल मागे घेतो, मग मेन स्विच बंद करतो. लाइट परत आली तेव्हा टूल जॉबला टेकलेले असेल तर धार तुटते. हे कोणाला सांगावे लागले नाही. मामांनी बघितले. अंधारात ते त्याला ग्राइंडरजवळ नेतात आणि टूलचे कोन बोटाने दाखवतात. वीज कंपनी हेस्कॉमची लाइन पाऊण तासाने येते.

३.००
आता तेच कोन ग्राइंडरवर. टूल चाकावर हलके टेकवायचे, तापले की पाण्यात. निळे पडू द्यायचे नाही. पहिले निळे पडते. घासून तो भाग काढावा लागतो. दुसरे ठीक.

४.३०
मशीन पुसणे, मोजमापाची हत्यारे तेलाच्या फडक्यात. मायक्रोमीटर पेटीत ठेवताना तोंड किंचित उघडे ठेवायचे. मग वही. आजची तारीख, कामाचे नाव, माप, किती झाले, किती बाद. "बाद: १. कारण: डायल." खाली मामांची सही. करार पुरा करून परीक्षा पास झाला तर राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळेल, आणि ते निपाणीच्या पलीकडे कागल-कोल्हापूरच्या एमआयडीसीतही चालते.

५.००
सुट्टी. हात साबणाने निघत नाहीत, लाकडाचा भुसा आणि रॉकेल लागते. नखांतले काळे तसेच राहते.

संध्याकाळी ७.००
किणये. भाऊ चिखलाने भरलेला, हा बिडाने. लावणी अजून दोन दिवस आहे. रविवारी हाही वाफ्यात उतरेल.

तुमच्या घरचा किंवा ओळखीचा कोणी पोरगा शिकाऊ म्हणून लागला असेल तर पगार विचारण्याआधी त्याची वही मागून बघा. दिवसात झाडू किती वेळ होता, आणि मायक्रोमीटर किती वेळ? बाद झालेल्या जॉबनंतर दुसरा जॉब त्याच्याच हातात दिला का? ज्या शेडमध्ये दिला जातो, तिथे पोराला राहू द्या.